‘त्यांना तर मुलं होतातच’: लॅटिना स्त्रिया, वंध्यत्व आणि लाजेचं ओझं

अमेरिकेत लॅटिना स्त्रियांबद्दल एक समज फार खोल रुजलाय: यांना मुलं पटापट होतात आणि ढीगभर होतात. निवडणुकीच्या भाषणांत तो ऐकू येतो, टीव्हीवरच्या चर्चांत ऐकू येतो, दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या माणसाच्या मनातही असतो. त्याच स्त्रीच्या घरात मात्र वेगळा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय: बाईच्या जातीचं सार्थक आई होण्यात. जिला मूल हवंय आणि होत नाहीय, ती या दोन समजांच्या कात्रीत सापडते. बाहेरच्या जगाला तिची अडचण दिसतच नाही, कारण ‘त्यांना तर मुलं होतातच’. घरच्यांना अडचण दिसते, पण फक्त तिच्यातच दिसते.

या कात्रीने तिचं मन तर पोळतंच, शिवाय उपचारही लांबतात. वंध्यत्वात उपचार लांबले की बरेचदा संधीच हातची जाते. म्हणून लाज हीसुद्धा इथे आजाराचाच एक भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. ती कुठून येते आणि कशी काम करते, ते जरा नीट पाहू.

आधी लॅटिना म्हणजे कोण, ते स्पष्ट करते. मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्युबा, डॉमिनिकन रिपब्लिक, एल साल्वादोर, ग्वातेमाला अशा लॅटिन अमेरिकेतल्या प्रदेशांशी ज्यांच्या घराण्याची नाळ जुळलेली आहे, अशा अमेरिकेतल्या स्त्रिया. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत या समाजाची लोकसंख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाच्या जवळपास १९ टक्के. त्यातले सुमारे ६० टक्के मेक्सिकन मुळाचे. पण हा काही एकसंध गट नाही. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिकोतली काही कुटुंबं १८४८ मध्ये मेक्सिकोची सीमारेषा सरकली तेव्हापासून जागच्या जागी अमेरिकन झालेली आहेत. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. कुणी काळ्या वंशाची आहे, कुणी गोरी. कॅलिफोर्नियात शेतात राबणाऱ्या काही मिश्तेक बायकांना तर स्पॅनिशही परकी वाटते, कारण घरात त्यांची स्वतःची आदिवासी भाषा बोलली जाते. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते प्रत्येकीला जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

आता त्या ढीगभर मुलांच्या समजाकडे. २००७ च्या सुमारास अमेरिकेतल्या लॅटिना स्त्रीला आयुष्यभरात सरासरी २.९ च्या आसपास मुलं होत होती. २०१९ पर्यंत हा आकडा २ च्या खाली आला. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. म्हणजे ज्या समाजाच्या ‘बाळंतपणांचा पूर’ येईल म्हणून भीती घातली जाते, तिथे तेवढीही मुलं आता जन्मत नाहीत. समज मात्र तसूभरही हललेला नाही.

घरातला प्रश्न

लग्नाला वर्ष होत आलं की प्रश्न सुरू होतो: ‘¿य पारा क्वांदो?’ मग, कधी? ‘गोड बातमी कधी?’ हा प्रश्न ज्या मराठी घरांत विचारला जातो, त्यांना यातला सूर वेगळा समजावून सांगायला नको. विचारणारी आजी असते, मावशी असते, सासू असते, चर्चबाहेर भेटलेली शेजारीण असते. त्यात दुष्टपणा नसतो. कुटुंबाशी निष्ठा, एकमेकांच्या आयुष्यात हक्काने डोकावणं, अडीअडचणीला धावून जाणं, या सगळ्याला अभ्यासक ‘फामिलिस्मो’ म्हणतात, आणि ती या समाजाची खरी ताकद आहे. आजारपणात, बेकारीत, नव्या देशात पाय रोवताना हेच नातेवाईक आधार देतात. म्हणूनच मूल न होणाऱ्या स्त्रीची अडचण दुहेरी होते. जिथून आधार यायचा तिथूनच प्रश्न येतो, आणि तो टाळायचा तर माणसंच टाळावी लागतात.

१९७३ मध्ये एव्हलिन स्टीव्हन्स या अभ्यासिकेने ‘मारियानिस्मो’ हा शब्द रूढ केला. येशूची आई कुमारी मारिया हिच्यासारखी सोशिक, त्यागी, घरासाठी झिजणारी आई, हा स्त्रीचा आदर्श, असा त्याचा आशय. या शब्दावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती योग्यच आहे. लॅटिना स्त्रियांनी संप केलेत, कामगार संघटना उभ्या केल्यात, दोन-दोन नोकऱ्या करून घरं चालवलीत; त्या सगळ्यांना एका मूर्तीत कोंबता येत नाही. पण आदर्शाचं वजन जाणवायला तो पाळलाच पाहिजे असं नसतं. विद्यापीठात शिकवणारी, स्वतःच्या पैशाने घर घेतलेली स्त्रीसुद्धा १० मेच्या सकाळी घराबाहेर पडायला कचरते, कारण त्या दिवशी मेक्सिकोत मातृदिन असतो. १९२२ मध्ये एका वृत्तपत्राने पुढाकार घेऊन तो सुरू केला आणि आज तो तिथल्या मोठ्या सणांपैकी एक आहे. अमेरिकेतली बरीच मेक्सिकन कुटुंबं तो दिवस पाळतातच, आणि मेच्या दुसऱ्या रविवारी येणारा अमेरिकन मातृदिनही पाळतात. एका आठवड्याच्या आत दोनदा ज्या आया आहेत त्यांचं कौतुक, आणि जिला मूल नाही तिने हातात ताट घेऊन वाढत राहायचं.

कारणं शोधली जातात तीही तिच्याच वागण्यात. मेक्सिकन लोकवैद्यकात गर्भाशयाला ‘थंडी भरते’ अशी समजूत आहे: पाळीत गार पाण्याने अंघोळ केली, गार फरशीवर अनवाणी चालली, आधीच्या बाळंतपणानंतरचे ४० दिवस पथ्याने राहिली नाही. गोळ्या घेऊन पोट बिघडवलं, असंही म्हणतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी कायमचं वंध्यत्व येत नाही. त्या थांबवल्यावर बहुतेकींची पाळीची साखळी लवकरच पूर्ववत होते. पण थंडी असो, गोळ्या असोत की देवाची मर्जी, प्रत्येक स्पष्टीकरण फिरून तिच्यापाशीच येतं. नवऱ्याच्या अनवाणी चालण्याचा विषय कधी निघत नाही.

दृष्टीचा प्रकार तर त्याहून बोचरा. लेकराकडे कुणी आसुसून पाहिलं तर त्याला दृष्ट लागते, आणि उतारा म्हणून पाहणाऱ्याने बाळाला हात लावायचा, अशी समजूत मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेपर्यंत आहे. बाळाच्या मनगटात लाल दोरा आणि ‘ओखो दे वेनादो’ नावाची मोठी तपकिरी बी बांधतात. आता जिला मूल नाही तिची नजर आसुसलेलीच असणार, हे कुणी बोलून दाखवायची गरज नसते. बारशाला गेल्यावर बाळाला उचलावं की लांब उभं राहावं, हा हिशेब ती मनातल्या मनात करत बसते.

शरीरात नेमकं काय होतं

वैद्यकाची व्याख्या साधी आहे. कुठलंही गर्भनिरोधक न वापरता वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, तर त्याला वंध्यत्व म्हणायचं आणि तपासण्या सुरू करायच्या. स्त्रीचं वय ३५ किंवा त्याहून जास्त असेल, तर वर्षभर थांबायचं नाही, ६ महिन्यांतच डॉक्टर गाठायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात साधारण ६ पैकी १ माणसाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. श्रीमंत आणि गरीब देशांत या प्रमाणात फार फरक नाही.

कारणं अनेक: बीजांड वेळेवर तयार न होणं, गर्भनलिका बंद असणं, गर्भाशयाचं अस्तर भलत्या जागी वाढणं, शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल कमी असणं. काही जोडप्यांत सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरीही मूल होत नाही. एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगायला हवी. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही अडचण असते, कधी एकट्या त्याच्याकडे तर कधी दोघांकडे. वीर्याची तपासणी ही सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी आणि अजिबात न दुखणारी तपासणी आहे. तरीही ती बरेचदा सगळ्यांत शेवटी होते. तोवर बायकोचं रक्त दहा वेळा काढून झालेलं असतं आणि नळ्यांचा एक्स-रेही झालेला असतो. याला नुसतं ‘माचिस्मो’, म्हणजे पुरुषीपणाची ताठ कल्पना, असं नाव देऊन सोडून देता येतं, पण त्या पुरुषालाही कुणी कधी सांगितलेलं नसतं की मर्दानगी आणि शुक्राणूंची संख्या यांचा काही संबंध नाही.

पुरुषांच्या वंध्यत्वाची एक गोष्ट तर याच समाजाच्या कष्टाशी जोडलेली आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावात एका कीटकनाशक कारखान्यातल्या कामगारांच्या लक्षात आलं की आपल्यापैकी कुणालाच मूल होत नाहीय. तपासणीत बऱ्याच जणांच्या वीर्यात शुक्राणू नगण्य निघाले. दोष डीबीसीपी नावाच्या रसायनाचा होता. अमेरिकेने त्यावर कडक बंधनं घातली. पण कोस्टा रिका, निकाराग्वा, होंडुरास इथल्या केळीच्या मळ्यांत ते ‘नेमागॉन’ म्हणून त्यानंतरही वापरलं गेलं आणि हजारो मजुरांनी नापीकपणाचे दावे लावले. मूल न होण्याचं कारण बाईच्या अनवाणी पायांत नव्हतं, पिकावर मारलेल्या औषधात होतं.

स्त्रियांच्या बाबतीत पीसीओएसचा उल्लेख करायलाच हवा. आपल्याकडे त्याला पीसीओडी म्हणतात. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, वजन वाढणं, बीजांड वेळेवर न सुटणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या १० ते १३ टक्के स्त्रियांना हा त्रास असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. याचं इन्सुलिनशी जवळचं नातं आहे, आणि अमेरिकेत लॅटिनो समाजात टाइप २ मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे: देशातल्या प्रौढांना आयुष्यभरात तो होण्याची शक्यता ४० टक्के, लॅटिनो प्रौढांना ५० टक्क्यांहून जास्त. पाळी चुकली की ‘टेन्शन असेल’ म्हणून सोडून देणाऱ्या मुलीचा आजार इथे वर्षानुवर्षं लपून राहतो. खरं तर पीसीओएसमुळे होणाऱ्या वंध्यत्वावर साध्या गोळ्यांनी बरेचदा इलाज होतो. आयव्हीएफपर्यंत, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भधारणा करण्यापर्यंत, जायची वेळच अनेकींवर येत नाही, पण त्यासाठी वेळेत डॉक्टरसमोर बसावं लागतं.

पर्यावरणाचाही हात आहे. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात, जिथे स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस पिकतं, तिथल्या बहुतांशी मेक्सिकन मुळाच्या शेतमजूर कुटुंबांचा बर्कली विद्यापीठाचे संशोधक अनेक वर्षं अभ्यास करताहेत. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की सोफ्याच्या फोममध्ये वगैरे आग रोखण्यासाठी वापरलं जाणारं पीबीडीई रसायन ज्या स्त्रियांच्या रक्तात जास्त होतं, त्यांना दिवस राहायला जास्त वेळ लागला.

वंध्यत्व लादलं गेलं, तेव्हा

आता या विषयाचा सगळ्यांत वेदनादायक भाग. त्याशिवाय आजची भीती समजणारच नाही.

प्वेर्तो रिकोत १९३७ मध्ये नसबंदीला मोकळं रान देणारा कायदा आला, तो १९६० पर्यंत टिकला. बेट गरीब आहे कारण माणसं फार आहेत, असं सांगितलं जाई. कारखान्यांत, दवाखान्यांत, घरोघरी ‘ला ओपेरासिओन’चा, म्हणजे ‘ऑपरेशन’चा, प्रचार झाला. १९६५ च्या एका सरकारी पाहणीत २० ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण एक तृतीयांश स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. सगळ्यांवर जबरदस्ती झाली असं नाही. बऱ्याच बायकांनी स्वतःहून ती करून घेतली. पण दुसरा कुठला उपाय परवडत नव्हता, मिळत नव्हता, आणि ही शस्त्रक्रिया उलटवता येत नाही हे अनेकींना सांगितलंच नव्हतं. गर्भनिरोधक गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्याही १९५६ पासून याच बेटावरच्या बायकांवर झाल्या.

कॅलिफोर्नियात १९०९ च्या कायद्याखाली सरकारी संस्थांमध्ये सुमारे २०,००० माणसांची नसबंदी करण्यात आली, आणि त्यांत स्पॅनिश आडनावांच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. तो कायदा रद्द झाला १९७९ मध्ये.

पण मला सविस्तर सांगायचंय ते लॉस एंजेलिसच्या खटल्याबद्दल. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, लॉस एंजेलिस काउंटी-यूएससी मेडिकल सेंटरमध्ये, प्रसूतीसाठी आलेल्या मेक्सिकन बायकांच्या नळ्या बांधल्या जात होत्या. संमती घेतली जाई ती ऐन कळा चालू असताना, सिझेरियनसाठी नेताना. फॉर्म इंग्रजीत, बाईला येते स्पॅनिश. कुणाला सांगितलं, सही कर नाहीतर बाळ दगावेल. कुणाला वाटलं, आपण सिझेरियनसाठीच सही करतोय. कुणाला वाटलं, बांधलेल्या नळ्या नंतर सोडता येतात. काहींना आपल्यावर काय झालंय हे पुढे कितीतरी दिवसांनी कळलं. बर्नार्ड रोझेनफेल्ड नावाच्या तिथल्याच एका तरुण डॉक्टरने कागदपत्रं जमवून हे बाहेर काढलं. १९७५ मध्ये दहा स्त्रियांनी दावा दाखल केला. पहिलं नाव दोलोरेस माद्रिगाल यांचं, म्हणून तो खटला ‘माद्रिगाल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने ओळखला जातो. बाजू मांडणारी अंतोनिया एर्नांदेस नुकतीच वकील झालेली होती.

त्या दहाजणींकडे याआधीची मुलं होती. मग प्रश्न काय, असं तेव्हाही विचारलं गेलं. कार्लोस वेलेस-इबान्येस या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्याशी आणि त्यांच्या घरच्यांशी दीर्घ बोलून कोर्टात साक्ष दिली. ग्रामीण मेक्सिकोतून आलेल्या या स्त्रियांची समाजातली ओळख, नवऱ्याशी असलेलं नातं, स्वतःबद्दलचा आदर, हे सगळं मूल होऊ शकण्याशी गुंफलेलं होतं. शस्त्रक्रियेनंतर काहींनी ही गोष्ट नातेवाइकांपासून लपवली. काही घरांत नवऱ्याच्या मनात संशय शिरला. कित्येकी नैराश्यात गेल्या, मैत्रिणींपासून तुटल्या. शरीरावरचा व्रण दिसत होता. ओळखीवरचा दाखवायचा कुणाला?

१९७८ मध्ये न्यायाधीश जेसी कर्टिस यांनी निकाल डॉक्टरांच्या बाजूने दिला. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात संवाद बिघडला, असं त्यांचं म्हणणं. बायकांना इतका मनस्ताप झाला तो त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीमुळे, आणि डॉक्टरांनी ती ओळखायला हवी होती अशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणजे ज्या साक्षीने नुकसान किती खोल आहे ते सांगितलं, तीच साक्ष त्यांच्यावर उलटवली. हा निकाल वाचताना आजही संताप येतो.

खटला हरला तरी लढा वाया गेला नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश संमतिपत्रं आली, आणि सरकारी पैशाने होणाऱ्या नसबंदीसाठी संपूर्ण देशात नियम झाले: वय किमान २१, सही आणि शस्त्रक्रियेत ३० दिवसांचं अंतर, ऐन कळांमध्ये घेतलेली संमती अमान्य. हे नियम व्हावेत म्हणून झटणाऱ्यांत प्वेर्तो रिकन डॉक्टर हेलन रोद्रिगेस-त्रियास अग्रभागी होत्या. त्यांना विरोध कुणी केला, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. गोऱ्या स्त्रीवादी चळवळीतल्या काही मोठ्या संघटनांना ३० दिवसांची अट नको होती, कारण त्यांच्या सभासदांना डॉक्टर नसबंदी नाकारत होते आणि त्यांना ती मागताक्षणी हवी होती. एका बाईला मूल न होऊ देण्याचा हक्क मिळवायचा होता, दुसरीला मूल होऊ देण्याचा. लॉस एंजेलिस काउंटीने माफी मागितली २०१८ मध्ये, चार दशकांनी.

त्याच काळात, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही. ‘गरिबांची मुलं हाच गरिबीचा उगम’ हा विचार तेव्हा जगभर फिरत होता.

आज फर्टिलिटी क्लिनिकमध्ये बसलेल्या तिशीतल्या लॅटिनाच्या आईला, आजीला हे आठवतं. डॉक्टर पोटावर हात ठेवायला येतो तेव्हा घराण्याची आठवण मध्ये उभी राहते. विश्वास नाही म्हणून तिला अडाणी ठरवणं अन्यायाचं आहे. तिच्या घरात अविश्वासाला पुरावा आहे.

दवाखान्याच्या दारापर्यंत

अमेरिकेत आयव्हीएफच्या एका खेपेला औषधांसह साधारण १५ ते २५ हजार डॉलर लागतात, आणि एका खेपेत यश येईलच असं नाही. २०२३ मध्ये लॅटिनो कुटुंबाचं मध्यम वार्षिक उत्पन्न सुमारे ६५ हजार डॉलर होतं. पासष्टीखालच्या लॅटिनो लोकांपैकी जवळपास १८ टक्क्यांकडे आरोग्य विमाच नाही. गोऱ्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आहे. विमा असला तरी वंध्यत्वाचा उपचार त्यात बसतोच असं नाही, ते राज्यावर आणि नोकरी देणाऱ्यावर अवलंबून. त्यामुळे आयव्हीएफ करून घेणाऱ्यांत लॅटिना स्त्रिया त्यांच्या संख्येच्या मानाने फार कमी दिसतात, यात नवल नाही. मेक्सिकोत, तिहुआनात किंवा मोंतेर्रेईत, उपचार स्वस्त मिळतात आणि काहीजणी तिकडे जातातही. पण जिच्याकडे कागदपत्रं नाहीत तिला सीमा ओलांडून जाता येतं, परत येता येत नाही.

कागदपत्रं असली तरी धास्ती आहेच. २०१९ मध्ये सरकारने नियम बदलला: सरकारी मदत घेणाऱ्या स्थलांतरितांना ग्रीन कार्ड नाकारण्याची वाट त्याने रुंद केली. २०२१ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. पण तोवर अनेकांनी ज्या मदतीला त्या नियमाने हातही लावला नव्हता, तीही सोडून दिली होती. भीतीला कायद्याचं कलम वाचता येत नाही.

आणि भाषा. अमेरिकेतल्या डॉक्टरांत लॅटिनो फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. बायकोच्या पाळीबद्दल, संबंधांबद्दलचे प्रश्न नवऱ्याने किंवा दिराने भाषांतरित करून विचारायचे, असे प्रसंग घडतात. अशा वेळी आधीचा गर्भपात, संबंधांच्या वेळचं दुखणं, या गोष्टी ती कशी सांगणार? प्रशिक्षित दुभाषी मागणं हा रुग्णाचा हक्क आहे आणि सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयाने तो मोफत द्यायला हवा, ही माहितीच कित्येकींपर्यंत पोचलेली नसते.

दवाखान्याआधी पुष्कळजणी ‘सोबादोरा’कडे जातात, म्हणजे पोट चोळून गर्भाशय जागेवर बसवणारी जाणती बाई. याने बंद नळी उघडत नाही, हे खरं. पण सोबादोरा तिला हात धरून बसवते, तिच्या भाषेत बोलते, तासभर ऐकून घेते. जो डॉक्टर हे ऐकून हसतो, त्याच्याकडे ती पुन्हा येत नाही, आणि ३६ व्या वर्षी गेलेली दोन वर्षं कुठल्याही औषधाने परत मिळत नाहीत.

देव, चर्च आणि कोर्ट

कॅथलिक चर्चने १९८७ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की मूल पती-पत्नीच्या मीलनातूनच यावं, प्रयोगशाळेत गर्भधारणा नको. २००८ मध्ये त्याचाच पुनरुच्चार झाला. अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांत स्वतःला कॅथलिक म्हणवणारे २०१० मध्ये ६७ टक्के होते, २०२२ मध्ये ४३ टक्के उरले. तरी धाक शिल्लक आहे. ग्वादालुपेच्या मातेला, म्हणजे मेक्सिकोत पुजल्या जाणाऱ्या मारियाच्या रूपाला, मुलासाठी नवस बोलायचा आणि नवस ज्या उपचाराने फळला तो मात्र धर्मगुरूपासून लपवायचा, अशी काहीजणींची कोंडी होते.

कोस्टा रिकात हा वाद थेट न्यायालयात गेला. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने २००० मध्ये आयव्हीएफवर बंदी घातली. बंदीमुळे उपचार अर्धवट राहिलेली जोडपी आंतर-अमेरिकन मानवाधिकार न्यायालयात गेली आणि २०१२ मध्ये जिंकली. त्या निकालात न्यायालयाने वंध्यत्व हे अपंगत्वासारखं मानलं. बंदी सगळ्यांना असली तरी तिचा मार स्त्रियांवर जास्त पडतो, कारण समाज आईपण हीच स्त्रीची ओळख मानतो आणि मूल न होण्याचं दूषण तिलाच देतो, हेही त्यात नोंदलं. १९७८ च्या लॉस एंजेलिसच्या निकालाशेजारी हा ठेवून पाहा. समाजाची आईपणाबद्दलची धारणा दोन्हीकडे मान्य केली गेली. एका कोर्टाने तिच्यामुळे बाईचं दुःख फिकं ठरवलं, दुसऱ्याने तिच्यामुळेच तिला जास्त संरक्षण दिलं. अर्जेंटिनाने २०१३ मध्ये कायदा करून हे उपचार सरकारी आणि खाजगी आरोग्य योजनांत आणले.

आई नाही, मग कोण?

मेक्सिकन चित्रकार फ्रिदा काहलोचं नाव इथे निघतंच. १९२५ च्या बस अपघातात तिचं शरीर मोडलं. १९३२ मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात तिचा गर्भ गेला. तिने त्या प्रसंगाचं चित्र पत्र्यावर काढलं. मेक्सिकोच्या चर्चमध्ये नवस फेडताना लोक पत्र्यावर छोटी चित्रं काढून वाहतात, संकट आणि त्यातून तारणारा संत दोन्ही दाखवतात. फ्रिदाच्या चित्रात रक्ताने भिजलेला पलंग आहे, ती आहे, तिला दोऱ्यांनी बांधलेला गर्भ आहे. तारणारा कुणी नाही. आज तिचा फुलं माळलेला चेहरा पिशव्यांवर आणि कपांवर सगळीकडे आहे, पण तिने उघड्यावर मांडलेलं हे दुःख तिथे क्वचितच पोचतं.

‘आई नाही तर कोण’ याची उत्तरं या संस्कृतीत आधीपासून आहेत. ‘कोंपाद्राझगो’ ही नात्याची रीत घ्या. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला मानलेली आई, ‘माद्रिना’, लाभते आणि ती आयुष्यभराची जबाबदारी असते. प्वेर्तो रिकोत नात्यातलं किंवा शेजारचं मूल आपलं म्हणून वाढवण्याची जुनी चाल आहे, कागदावर दत्तक न घेता. भाच्याला शाळेत घालणारी, त्याची फी भरणारी, रात्री उशाशी बसणारी मावशी कुटुंबाचा खांब असते. यांतलं कुठलंही नातं मुलाची उणीव भरून काढण्यासाठी असू नये, असं मला वाटतं. ‘तुला मूल नाही ना, मग तूच माद्रिना हो’ हे सांत्वन जखमेवर मीठ ठरू शकतं. तिला विचारलंच तर ती चांगली माणूस आहे म्हणून विचारावं.

नातेवाइकांनी काय करावं, असं कुणी मला विचारलं तर मी एवढंच सांगेन: ‘कधी?’ विचारणं थांबवा, आणि नवऱ्याला तपासणीला पाठवा. लॅटिना स्त्रिया आता आपसात स्पॅनिशमध्ये, इंग्रजीत, दोन्हींच्या मिश्रणात हे उघड बोलू लागल्यात, आधारगट चालवू लागल्यात. पॉडकास्टवर आपल्या इंजेक्शनांबद्दल आणि गर्भपातांबद्दल बोलणाऱ्या मुलीची आजी ते ऐकते, आणि मग आजीच्या काळातलं कुणी न सांगितलेलं काहीतरी बाहेर येतं. अशा बोलण्यातून घराण्याचा वैद्यकीय इतिहास हाती लागतो, आणि डॉक्टरला तोच हवा असतो.

कायदाही थोडा हललाय. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या विमा योजनांना आयव्हीएफचा खर्च उचलणं बंधनकारक केलं, १ जानेवारी २०२६ पासून. गरिबांसाठीची सरकारी योजना, मेडि-कॅल, मात्र त्यातून वगळली. राज्यातल्या लाखो लॅटिना याच योजनेवर आहेत. मेडि-कॅल आजही नसबंदीचा खर्च देते. आयव्हीएफचा देत नाही.